मिठाचा हिशोब जुळल्याशिवाय कॅल्शियमची बाटली उघडू नका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तर कशाबद्दल आहे ते कळेल. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या घरात आठ महिन्यांची रीफ टाकी, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. संप (उपकरणं ठेवायची खालची छोटी टाकी) धरून आणि दगडांची जागा वजा जाता पाणी साधारण २०० लिटर. आत कोरल अशी: मऊ झोआ, आणि कठीण सांगाडा बांधणारी एक हॅमर, दोन मोंटिपोरा आणि एक बर्ड्सनेस्ट. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) ६.८ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ३८० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), मॅग्नेशियम ११५० पीपीएम. दोन बाटल्यांचं सप्लिमेंट, एक कॅल्शियमची आणि एक अल्कलिनिटीची, रोज घालताय. आकडे वर येईनात म्हणून पंधरा दिवसांपूर्वी डोस दुप्पट केलात, तर पाणी दुधाळ झालं, हीटरवर आणि पंपावर पांढरा थर बसला आणि मोंटिपोराची कड फिकी पडली. आता मॅग्नेशियमची तिसरी बाटली घ्यावी का आणि घरी केलेलं द्रावण चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

तिसरी बाटली घेऊ नका. दुप्पट केलेला डोस आजच पूर्वीइतका करा. एकदम बंद मात्र करू नका, कारण कोरलचा रोजचा खर्च चालूच असतो.

आता तुम्हीच पाठवलेले आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. तुमच्या समुद्री मिठाच्या पिशवीवर लिहिलंय की ३५ पीपीटी (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) खारटपणाला कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३०० आणि अल्कलिनिटी ८ मिळेल. तुमचं कॅल्शियम ३८० म्हणजे ४३० च्या ८८ टक्के. मॅग्नेशियम ११५० म्हणजे १३०० च्या ८८ टक्के. दोन वेगळे क्षार, दोन वेगळे किट, आणि तूट अगदी सारखी. कोरल जेव्हा सांगाडा बांधतं तेव्हा ते कॅल्शियम भराभर उचलतं आणि मॅग्नेशियम अगदीच थोडं. त्यामुळे तूट कोरलच्या खाण्याने आली असती तर कॅल्शियम बरंच खाली आणि मॅग्नेशियम जवळपास जागच्या जागी दिसलं असतं. दोन्ही एकाच प्रमाणात खाली असतील तर मला सगळ्यात आधी एकच शंका येते, ती म्हणजे पाणीच पातळ आहे. ३५ चे ८८ टक्के म्हणजे सुमारे ३१. तुमच्या टाकीत ३५ पीपीटी नसून ३१ च्या आसपास खारटपणा असावा.

तुम्ही म्हणता, हायड्रोमीटर (पाण्याच्या घनतेवरून खारटपणा दाखवणारं साधन) १.०२५ दाखवतो, म्हणजे ३५ च्या आसपास. तुमचा तो प्लॅस्टिकचा, हलत्या काट्याचा आहे ना? त्या काट्याला चार बारीक बुडबुडे चिकटले की काटा वर उचलला जातो आणि खारटपणा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. सातपूरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी तीस वर्षं टायट्रेशन करण्यात गेली. तिथली पहिली शिकवण म्हणजे आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी उपकरणावर विश्वास ठेवता येतो का ते बघायचं. घरी टाकी ठेवायला लागून मला बारा वर्षं झाली, तरी ही गोष्ट मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणाला तरी सांगावी लागते.

रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा मोजणारं साधन) आणा किंवा कुणाचा तरी मागून घ्या, आणि तो आरओच्या पाण्यावर शून्याला लावून थांबू नका. शून्याला बरोबर असलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला दोन-तीन पीपीटीने चुकलेला मी कितीदा तरी पाहिलाय. ३५ चं तयार द्रावण मिळतं. नाही मिळालं तर घरी करा. ९६३.५ ग्रॅम आरओ-डीआय (सगळे क्षार काढलेल्या) पाण्यात ३६.५ ग्रॅम कोरडं, साधं मीठ पूर्ण विरघळवा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, फक्त मीठ आधी तव्यावर कोरडं करून गार करून घ्या, नाहीतर ओलाव्याचंच वजन कराल. या द्रावणातून प्रकाश जितका वळतो तितकाच तो ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्यातून वळतो, म्हणून रिफ्रॅक्टोमीटरने इथे बरोबर ३५ दाखवायला हवं. मात्र हे द्रावण फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी आहे. वाहकतेवर चालणाऱ्या पेनसारख्या मीटरला ते चालत नाही.

खारटपणा ३१ पर्यंत कसा उतरला असेल, तेही सांगतो, कारण ते थांबलं नाही तर दोन महिन्यांनी पुन्हा हेच होणार. तुमच्या स्किमरच्या (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राच्या) कपात रोज पाव लिटर फिकं, चहासारखं पाणी जमतं असं तुम्ही लिहिलंय. ते खारं पाणी आहे. त्याच्या जागी ऑटो टॉप-अप (कमी झालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) गोडं पाणी भरतं. पाव लिटरमागे पावणेनऊ ग्रॅम मीठ गेलं, म्हणजे महिन्याला २६० ग्रॅम. २०० लिटरमध्ये हे महिन्याला सव्वा पीपीटी होतं. दर आठवड्याचा पाणीबदल त्यातलं थोडं भरून काढतो, पण तुम्ही मीठ मापट्याने घालता. गेल्या पावसाळ्यात उघडलेली ती पिशवी आपल्याकडच्या दमट हवेत पाणी ओढून बसलीय, तिचे खडे झालेत. ओल्या मिठाचं एक मापटं म्हणजे कोरड्याच्या एका मापट्याइतकं मीठ नसतं. स्किमर थोडा कोरडा, म्हणजे कपात कमी आणि गडद पाणी जमेल असा चालवा, मीठ वजन करून घाला आणि बदलीचं पाणी टाकीत ओतण्याआधी प्रत्येक वेळी मोजा. पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

दुरुस्ती सोपी आहे आणि एप्रिल-मे महिन्यातला नाशिकचा कोरडा उकाडा इथे तुमच्या मदतीला येतो. तुमच्या टाकीतून पंखा लावल्यावर रोज पाच लिटर पाणी उडतं. ते भरायला काही दिवस गोड्या पाण्याऐवजी ३५ पीपीटीचं खारं पाणी वापरा. पाच लिटरमागे १७५ ग्रॅम मीठ जाईल, म्हणजे दिवसाला पाऊणपेक्षा थोडं जास्त पीपीटी, नीट सांगायचं तर ०.८७. चार-पाच दिवसांत ३५ वर याल. दिवसाला एक पीपीटीपेक्षा वेगाने वाढवू नका आणि कोरडं मीठ थेट टाकीत कधीच टाकू नका. मग पुन्हा मोजा. माझ्या हिशोबाने ३८० चं कॅल्शियम ४२९ च्या आसपास दिसेल, ११५० चं मॅग्नेशियम १२९८ च्या आसपास आणि अल्कलिनिटी साडेसातच्या वर. नुसतं पाणी ३५ ला आणल्याने. तुम्ही घ्यायला निघालेली मॅग्नेशियमची बाटली त्यानंतर लागणारच नाही, असा माझा अंदाज आहे.

आता ते दुधाळ पाणी. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट हे दोघे मावतील त्यापेक्षा जास्तच विरघळलेले असतात. त्यांना चुनखडी होऊन खाली बसायचंच असतं, मॅग्नेशियम त्यांना अडवून धरतं. चुनखडीचा बारीक कण तयार झाला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि कण वाढू देत नाही. तुमच्याकडे पाणी पातळ, म्हणजे हा पहारेकरी आधीच कमी. त्यात तुम्ही दोन्ही बाटल्या पाठोपाठ एकाच कोपऱ्यात ओतल्या, त्याही दुप्पट. अल्कलिनिटीच्या बाटलीत बहुतेक सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) असतो. तो पडतो तिथे पीएच क्षणभर खूप चढतो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि शेजारीच कॅल्शियमचा लोट आलेला असतो. पाणी पांढरं झालं ते तिथेच. हीटर आणि पंप गरम असतात, आणि चुनखडी गरम पाण्यात कमी विरघळते, म्हणून थर नेमका तिथे बसतो. एकदा थर बसला की नवे कण त्याच्यावरच चढत जातात. तुम्ही घातलेला जादा डोस कोरलपर्यंत पोहोचलाच नाही, त्याचा हीटरवर दगड झाला. आकडे हलत नव्हते त्याचं हे दुसरं कारण.

पाणी आपोआप निवळेल. हीटर आणि पंप काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवा, फेस येऊन थर सुटेल. चांगले धुऊन परत लावा. इथून पुढे दोन्ही बाटल्यांमध्ये निदान अर्ध्या तासाचं अंतर ठेवा आणि जिथे रिटर्न पंपाचा (संपमधलं पाणी टाकीत परत आणणाऱ्या पंपाचा) जोराचा प्रवाह आहे तिथेच, सावकाश घाला. मी अल्कलिनिटी पहाटे घालतो आणि कॅल्शियम संध्याकाळी. रात्रभर प्रकाश नसतो, टाकीतल्या सगळ्या जिवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, म्हणून पहाटे पीएच सगळ्यात खाली असतो. सोडा ॲशने तो त्या वेळी थोडा सावरला तर बरंच.

मोंटिपोराची कड फिकी पडली त्यात अल्कलिनिटीच्या चढउताराचा हात आहे, आणि बहुधा पाणी फार 'स्वच्छ' असण्याचाही. तुमचं नायट्रेट २ आणि फॉस्फेट ०.०२ आहे. एवढ्या कमी अन्नात कोरलची कातडी सावकाश वाढते. अल्कलिनिटी चढली की सांगाडा पुढे धावतो, कातडी मागे राहते आणि टोकं जळाल्यासारखी दिसतात. माझ्या टाकीत नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास ठेवल्यापासून हे थांबलं. माशांना खाणं थोडं वाढवा. अल्कलिनिटी सव्वासात ते साडेआठच्या मध्ये कुठेही असली तरी चालेल. समुद्रात ती सातच्या आसपासच असते. अकरा-बाराचे आकडे दाखवणारी मंडळी असतात, पण त्यांच्या टाकीत अन्नही भरपूर असतं आणि दिवेही तसे. त्यांच्या आकड्याशी आपली तुलना करू नका. आज ७.६, परवा ८.८, तेरवा ७.२ अशी उडी कोरलला सोसत नाही. सातावर स्थिर असलेली टाकी मला नऊवर हेलकावे खाणाऱ्या टाकीपेक्षा केव्हाही पसंत आहे.

खारटपणा ३५ वर आला आणि दोन दिवस तिथेच राहिला की खर्च मोजायचा. रोज किती घालायचं हे बाटलीवरच्या तक्त्यावरून ठरत नाही. तो तक्ता लिहिणाऱ्याला तुमच्या टाकीत किती कोरल आहेत ते माहीत नसतं. दगडांवर जांभळं कोरलाइन शेवाळ पसरत असेल तर तेही कॅल्शियम खातं, आणि त्याचा हिशोब कुणीच धरत नाही. ४८ तास डोसिंग बंद ठेवा. सुरुवातीला आणि शेवटी, एकाच वेळेला, एकाच किटने अल्कलिनिटी मोजा. समजा ७.८ ची ६.८ झाली. दोन दिवसांत एक, म्हणजे रोज अर्धा डीकेएच. हा तुमच्या टाकीचा खर्च. कॅल्शियमचा खर्च वेगळा मोजायची गरज नाही, कारण सांगाड्यात ही दोन्ही ठरलेल्या प्रमाणात जातात. दर १ डीकेएचमागे सुमारे ७ पीपीएम कॅल्शियम. शिवाय रोजचं साडेतीन पीपीएम कॅल्शियम आपल्या किटवर दिसतही नाही, किटचीच चूक त्याहून मोठी असते. अर्धा डीकेएच मात्र दिसतो. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा अल्कलिनिटी, पंधरा दिवसांनी कॅल्शियम, महिन्यातून एकदा मॅग्नेशियम आणि दर आठवड्याला न चुकता खारटपणा, एवढं मोजणं तुम्हाला पुरे.

पाणीबदलातून हा खर्च भरून निघेल का, असा प्रश्न मनात येणं साहजिक आहे. झोआ आणि मऊ कोरलच असती तर निघाला असता. वरच्या उदाहरणाप्रमाणे तुमचा आठवड्याचा खर्च साडेतीन डीकेएच. दहा टक्के पाणी बदललं आणि नव्या पाण्यात दीड डीकेएच जास्त असला तरी टाकीला मिळाला ०.१५. मोंटिपोरा आणि बर्ड्सनेस्ट ठेवल्यावर डोसिंग लागणारच.

आता घरच्या द्रावणाचं. चालतं, मी वर्षानुवर्षं तेच वापरतोय. पण रसायन कुठलं आणि कुठून आणलं यावर सगळं आहे. अल्कलिनिटीसाठी खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात स्टार्च आणि आम्लाचे क्षार मिसळलेले असतात. धुण्याचा सोडाही नको. २०० लिटरला १ डीकेएच चढवायला ६ ग्रॅम खायचा सोडा लागतो. तुमचा खर्च अर्धा डीकेएच धरला तर रोज ३ ग्रॅम. लिटरभर आरओ-डीआय पाण्यात ८० ग्रॅम विरघळवा आणि रोज ३७ ते ३८ मिली घाला. यापेक्षा घट्ट करायला जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा जास्तीचा सोडा बाटलीच्या तळाला बसतो आणि रोजचा डोस नकळत कमी पडतो. पीएच चढवायचा असेल तर हाच सोडा ओव्हनमध्ये १८० अंशांवर पसरून तासभर भाजा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन त्याचा सोडा ॲश होतो आणि वजन सुमारे ३७ टक्के घटतं. घट तेवढी झाली नसेल तर अजून भाजायचा बाकी आहे. मग ३ ग्रॅमच्या जागी १.९ ग्रॅम पुरतो.

कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराइड, प्रयोगशाळेच्या किंवा खाद्य दर्जाचं. डब्यावर 'डायहायड्रेट' लिहिलंय का ते बघा. त्यात २७ टक्के कॅल्शियम असतं, पाणी नसलेल्या प्रकारात ३६ टक्के, आणि ही गल्लत झाली की डोस एक तृतीयांशाने चुकतो. डायहायड्रेटचं लिटरला १०० ग्रॅम द्रावण केलंत तर रोज २६ मिली. पावडर थोडी थोडी पाण्यात टाका, पाणी पावडरीवर ओतू नका, कारण विरघळताना ते चांगलंच तापतं. मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. मॅग्नेशियम कधी खरंच कमी निघालं तर २०० लिटरला १० पीपीएम चढवायला सुमारे १७ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट, आणि दिवसाला ५० पीपीएमपेक्षा जास्त नको.

नाशिकच्या लोकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. हीच नावं आपल्याला कृषी सेवा केंद्रात द्राक्षबागायतदारांच्या पोत्यांवर दिसतात. मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड, आणि तेही स्वस्त. ती आणू नका. पानांवर फवारायला ती उत्तम आहेत, पण त्यांत काय काय भेसळलेलं आहे ते कुणी तुमच्या कोरलसाठी तपासलेलं नाही. आणि बागेत वापरलेली बादली, मोजपात्र, फवारणीचा पंप, यातलं काहीही टाकीजवळ आणू नका. बागांवर बोर्डो मिश्रण मारतात. त्यात मोरचूद, म्हणजे तांबं असतं, आणि तांब्याच्या नुसत्या माखणीने कोळंबी, गोगलगाय, कोरल यांचा जीव जातो. दिंडोरीकडच्या एका ओळखीच्या घरी टाकीतले सगळे गोगलगाय दोन दिवसांत गेले, आणि कारण म्हणून शेवटी शेतावरून आणलेली एक निळसर बादलीच सापडली.

चुन्याच्या निवळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच, म्हणून लिहितो. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची निवळी कॅल्शियम आणि अल्कलिनिटी अगदी योग्य प्रमाणात देते, पीएच वर ठेवते आणि मीठ मागे ठेवत नाही. मला ती मनापासून आवडते. लिटरला पावणेदोन ग्रॅमच्या आतच चुना विरघळतो, बाकी तळाशी राहतो, तो ढवळून टाकीत सोडायचा नाही. पण बाहेरच्या बहुतेक सल्ल्यांत ही निवळी टॉप-अपच्या पाण्यात मिसळायला सांगतात, आणि ते आपल्या हवेत फसतं. पूर्ण मुरलेली एक लिटर निवळी तुमच्या २०० लिटरला अर्ध्या डीकेएचहून किंचित जास्त देते. म्हणजे तुमचा दिवसाचा सगळा खर्च एका लिटरमध्ये भागतो. मे महिन्यात पाच लिटर पाणी उडालं आणि पाचही लिटर निवळी गेली तर दिवसात जवळपास तीन डीकेएच चढेल, पीएच आभाळाला टेकेल आणि पुन्हा बर्फ पडल्यासारखी चुनखडी होईल. श्रावणात हवा दमट, टॉप-अप कसाबसा एक-दीड लिटर. उन्हाळ्यासाठी पातळ केलेली निवळी तेव्हा अपुरी पडेल आणि अल्कलिनिटी कधी घसरली ते कळणारही नाही. म्हणून निवळी वापरायचीच तर तिची बाटली आणि तिचा पंप वेगळा ठेवा, रोज मोजून तेवढीच, रात्रभरात थेंब थेंब. चुना प्रयोगशाळेच्या दर्जाचा हवा, पानाच्या डबीतला किंवा रंगकामाचा नको. झाकण घट्ट लावा, कारण हवा लागली की त्याची हळूहळू चुनखडी होते आणि मग त्यात काही दम राहत नाही. हाताळताना हातमोजे घाला.

दोन बाटल्यांच्या पद्धतीला निवळीचा हा गुण नाही. सोड्यातलं सोडियम आणि दुसऱ्या बाटलीतलं क्लोराइड पाण्यात मीठ होऊन उरतं. रोज अर्धा डीकेएच धरला तर वर्षाला लिटरमागे पावणेचार ग्रॅमच्या आसपास. पाणीबदल नियमित असेल तर ते निघून जातं, नसेल तर ३५ वर आणलेली टाकी पुढच्या वर्षी ३९ च्या आसपास दिसेल. खारटपणा दर आठवड्याला मोजा असं वर लिहिलं ते त्यासाठीच.

पंपाबद्दल एक सांगतो, कारण तो प्रसंग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. सात वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत आम्ही दोन दिवस गावी गेलो होतो. डोसिंग पंपाचं टायमर अडकलं आणि सोड्याचं अर्धा लिटर द्रावण एका रात्रीत माझ्या ३०० लिटरच्या टाकीत गेलं. अल्कलिनिटी आठवरून साडेबारावर. पाच वर्षं वाढवलेली दोन ॲक्रोपोरा कोरल आठवड्याभरात पांढरी झाली. मी आम्ल घालून आकडा खाली आणायचा मोह टाळला, डोसिंग बंद केलं, रोज थोडं पाणी बदललं आणि आकडा आपसूक उतरू दिला. बाकीची वाचली ती त्यामुळे. तेव्हापासून पंपाच्या बाटलीत मी पाच दिवसांपुरतंच द्रावण भरतो. तुमच्या टाकीसाठी ते १९० मिली होईल. सगळं एकदम सांडलं तरी अडीच डीकेएच चढेल, आणि तेवढं बहुतेक कोरल सोसतात.

पीएच ७.९ आहे म्हणून 'पीएच बफर' घ्यायचा विचार असेल तर तो सोडून द्या. ते बफर म्हणजे अल्कलिनिटीच. तुम्ही उन्हामुळे खोली दिवसभर बंद ठेवून एसी लावता. घरातली चार माणसं आणि एक गॅसची शेगडी मिळून त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या दुपटीहून वर नेतात आणि पाणी ते शोषून घेतं. स्किमरच्या हवेची नळी खिडकीबाहेर काढून बघा. माझ्याकडे एवढ्याने पीएच दोन दिवसांत ८.१ झाला होता.

आयोडीन, स्ट्रॉन्शियम, पोटॅशियम, 'ट्रेस एलिमेंट' या बाटल्या आत्ता नकोत. जे मोजता येत नाही ते घालायचं नाही, हा माझा नियम आहे. समुद्रात आयोडीन लिटरला ०.०६ मिलिग्रॅमच असतं, तिथे चार थेंब जास्त पडायला वेळ लागत नाही. नियमित पाणीबदलातून तुमच्या टाकीला हे सगळं मिळतंय.

पाण्याचंही बघून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा व्हॉल्व्ह असतो. ते पाणी टाकीला नको. गंगापूर धरणाचं पाणी तसं सौम्य असतं, पण पावसाळ्यात गढूळ येतं आणि सेडिमेंट फिल्टर पटकन भरतो. सोसायटीच्या बोअरचं पाणी मिसळत असेल तर आपल्या काळ्या पाषाणातून आलेलं सिलिका त्यात असतं आणि काचेवर तपकिरी डायटम (बारीक शेवाळ) येत राहतात. आरओच्या मेम्ब्रेननंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार पकडणारे दाणे) लावा, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य यायला हवा, एक दिसला की रेझिन बदला.

किटबद्दल दोनच गोष्टी. अभिकर्मकं (किटमधली रसायनं) उन्हाळ्यात गॅलरीशेजारच्या कपाटात ठेवू नका, आणि सिरिंजच्या टोकाला हवेचा बुडबुडा राहिला तर वाचन चुकतं. एखादा आकडा अचानक वेगळा आला तर त्याच दिवशी पुन्हा मोजा, आणि तोवर काहीही घालू नका.

आणि एक विनंती. नवीन कोरल घेताना ते कुठून आलं हे विचारा. आपल्या किनाऱ्यावरची कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण त्यांना आहे. मालवणहून कुणी 'दगडासकट आणून देतो' म्हणालं तर साफ नाही म्हणा. बाहेरून आलेल्या कोरलचेही कागद मागा, नसतील तर ते कितीही सुंदर असलं तरी घेऊ नका.

आता करायचं एवढंच. उद्या रिफ्रॅक्टोमीटर तपासा आणि खारटपणा कळवा. ३१ निघाला तर वर सांगितल्याप्रमाणे पाच दिवस खाऱ्या पाण्याने टॉप-अप, दोन दिवस स्थिर, मग ४८ तासांची खर्चाची मोजणी. त्यानंतर तिन्ही आकडे पाठवा, सोबत मोजल्याची वेळ आणि मोंटिपोराच्या कडेचा दिवे पांढरे ठेवून काढलेला फोटो. निळ्या उजेडात कड मेली आहे की नुसती फिकी आहे ते मला ओळखता येत नाही.